माननीय नौवहन मंत्री, कागदावर आमची झोप पूर्ण आहे

प्रति,
माननीय नौवहन मंत्री

महोदय,
सविनय नमस्कार.

मागच्या महिन्यात मी क्रूझ जहाजावरून साइन-ऑफ झालो, म्हणजे करार संपवून उतरलो. आठ महिन्यांचा माझा पहिलाच करार होता. हुद्दा असिस्टंट स्टेटरूम अटेंडंट, म्हणजे पाहुण्यांच्या खोल्या आवरणाऱ्याच्या हाताखालचा माणूस. घरी आल्यावर चार दिवस मी नुसता झोपलो. जेवायला उठायचो आणि पुन्हा आडवा व्हायचो. पाचव्या दिवशी बॅग उपसताना एक प्लास्टिकची फाइल हाती लागली. उतरायच्या आदल्या दिवशी क्रू ऑफिसातून मागून घेतलेल्या, माझ्या कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांच्या नोंदी तिच्यात होत्या. पलंगावर बसून सगळ्या वाचल्या. त्यांच्या हिशोबाने आठ महिन्यांत एकाही दिवशी माझी विश्रांती कमी पडलेली नाही.

हे पत्र त्या फाइलबद्दल आहे.

नोकरीचं रडगाणं गायला मी बसलेलो नाही, हे आधीच सांगतो. पगार वेळेवर मिळाला, चार पैसे साठले, आणि सहा आठवड्यांनी मी परत जाणार आहे. क्रूझच्या धंद्यातून किती रोजगार मिळतो यावर मंत्री भाषणं करतात, ती खोटी नाहीत. २०२४ साली सेवेत आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या एका जहाजावर ७,६०० पर्यंत प्रवासी मावतात आणि कर्मचारीच सुमारे २,३५० असतात. त्यातले प्रत्यक्ष जहाज हाकणारे थोडे. बाकीचे आम्ही: खोल्या आवरणारे, ताटं उचलणारे, भांडी घासणारे, चादरी धुणारे.

माझं जहाज त्याहून बरंच लहान होतं. तरी पहिल्या दिवशी त्याने मला गिळलंच. गँगवे, म्हणजे जहाजावर जायची शिडी, चढल्या चढल्या पासपोर्ट क्रू ऑफिसात जमा केला. बदल्यात ओळखपत्र, केबिनची चावी आणि एक छोटं कार्ड मिळालं. कार्डावर माझा आणीबाणीचा क्रमांक, मस्टर स्टेशन म्हणजे आणीबाणीत जमायची जागा, आणि भोंगा झाला की कुठे उभं राहायचं ते छापलेलं होतं. सात किंवा जास्त छोटे भोंगे आणि मग एक लांब. तो ऐकला की मी अमुक जिन्यावर उभं राहून प्रवाशांना वाट दाखवायची. त्या दिवशी मला माझी स्वतःची केबिन तीनदा सापडली नाही.

खालच्या डेकवर जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबलचक बोळ जातो. अमेरिकेतल्या महामार्गावरून त्याला सगळे ‘आय नाइन्टीफाइव्ह’ म्हणतात. फोर्कलिफ्ट, कचऱ्याच्या ट्रॉल्या, धुण्याच्या गाड्या, पळणारे वेटर, सगळी रहदारी तिथूनच. पाहुण्यांना तो दिसतही नाही. तिथली भाषाही वेगळी. आपल्या देशाचा माणूस भेटला की तो ‘पैसानो’. कामचुकार निघाला की ‘मामागायो’. हा दुसरा शब्द ध्यानात असू द्या, पुढे लागणार आहे.

केबिन पाण्याच्या रेषेखाली, दोघांत एक. खिडकी नाही, दिवा मालवला की भरदुपारी मध्यरात्र. नवीन म्हणून मला वरचा बंक. बंकला पडदा असतो आणि त्या पडद्याच्या आत जेवढी जागा तेवढीच जहाजावर आपली स्वतःची. पहाटे जहाज धक्क्याला लागताना पुढचे थ्रस्टर, म्हणजे जहाज बाजूला सरकवणारे पंखे, सुरू झाले की भिंत अशी थरथरायची की दातांवर दात आपटावेत. एक मात्र खरं, वादळी हवेत वरच्या मजल्यांवरचे पाहुणे भिंती धरून चालत तेव्हा आम्हाला खाली त्यामानाने कमी हलायचं. पोटात कालवायला लागलं की जुने लोक हिरवं सफरचंद हातात ठेवत.

ही केबिन नियमाला धरून आहे, हेही मी नंतर वाचलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचं मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन, म्हणजे खलाशांच्या कामाचे नियम ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार, इतर जहाजांवरच्या खलाशाला स्वतंत्र खोली द्यायला सांगतं आणि प्रवासी जहाजांना त्यातून सूट देतं. प्रवासी जहाजावर दोघांच्या खोलीला साडेसात चौरस मीटर पुरेसे धरलेत, आणि उजेड-हवेची व्यवस्था नीट असेल तर ती भाररेषेखाली, म्हणजे भरलेलं जहाज पाण्यात जिथवर बुडतं त्या रेषेखाली, असायलाही परवानगी देता येते. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाला ‘डायमंड प्रिन्सेस’ अडकली तेव्हा जहाजावर ३,७११ माणसं होती आणि त्यांतल्या ७१२ जणांना कोरोनाची लागण झाली. प्रवासी आपापल्या खोल्यांत बंद होते. त्यांच्या दारापर्यंत जेवण पोचवणारे कर्मचारी काम संपल्यावर दोघादोघांच्या केबिनमध्ये जाऊन झोपत होते. पण केबिनबद्दल माझं गाऱ्हाणं नाही. दोघांत राहावं लागेल हे मला माहीत होतं.

मला माहीत नव्हतं ते हे, की मी खलाशी आहे. एजंट म्हणाला होता, “हॉटेलचीच नोकरी रे, फक्त पाण्यावरची.” मीही तसंच धरून चाललो. हे कन्व्हेन्शन २००६ साली जिनिव्हात मंजूर झालं आणि २० ऑगस्ट २०१३ पासून लागू आहे. त्याच्या व्याख्येत जहाजावर कोणत्याही हुद्द्यावर काम करणारा माणूस खलाशीच. ब्रिजवरून जहाज हाकणारा कॅप्टनही आणि संडास घासणारा मीही. एजंटने हे सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्याच कन्व्हेन्शनमधली पुढची ओळही सांगावी लागली असती: नोकरी मिळवून दिल्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायचे नाहीत. वैद्यकीय दाखला, खलाशाचं पुस्तक आणि पासपोर्ट एवढाच खर्च त्याचा, व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. माझ्याकडून ‘प्रोसेसिंग’चेही घेतले आणि व्हिसाचेही. पावती मागितली तर हसला.

आता फाइलकडे येतो.

याच कन्व्हेन्शनमधला विश्रांतीचा नियम समजायला सोपा आहे. कोणत्याही २४ तासांत निदान १० तास आणि कोणत्याही सात दिवसांत निदान ७७ तास विश्रांती. २४ तासांतली विश्रांती जास्तीत जास्त दोन तुकड्यांत आणि त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा तरी हवा. ड्रिल, म्हणजे आणीबाणीच्या तालमी, घ्यायच्या त्या विश्रांतीत कमीत कमी व्यत्यय येईल अशा बेताने. नोंद ठेवायची आणि सहीनिशी तिची प्रत खलाशाला द्यायची. ही प्रत मागता येते हे मला सहाव्या महिन्यात एका जुन्या माणसाने मेसमध्ये जेवताना सांगितलं.

माझा साधा दिवस असा. सकाळी पावणेसातला काम सुरू, दुपारी दोनला सुट्टी, साडेपाचला पुन्हा वर, रात्री दहाला मोकळा. पावणेबारा तास काम, सव्वाबारा तास विश्रांती, दोन तुकड्यांत. साप्ताहिक सुट्टी नाही. आठ महिन्यांत एकदाही नाही. दमवणारा दिवस, पण कायद्यात बसणारा. फाइलमध्ये जवळजवळ रोज हाच दिवस छापलेला आहे. एकाखाली एक, एकाच साच्यातून काढल्यासारखा.

खरा दिवस त्या दुपारच्या साडेतीन तासांत बिघडतो. नवीन माणसाला पहिले कित्येक आठवडे वर्गच वर्ग असतात: सुरक्षा, आग, गर्दी सांभाळणं, रसायनांच्या बाटल्या, पाहुण्यांशी कसं बोलायचं. ते घ्यायचे कधी? तर दुपारी, सगळे मोकळे असतात तेव्हा. अडीच ते साडेतीन वर्ग झाला की दुपारचे दोन तुकडे होतात आणि रात्रीचा धरून तीन. नियम दोनाचा. शिवाय कधी केबिनची तपासणी, कधी गणवेश बदलून आणायचा. बंदरात जहाज उभं असताना ठरावीक माणसं जहाजावर थांबावीच लागतात. त्या यादीत नाव आलं की खाली जमिनीवर पाय ठेवणंही नाही.

आणि मग टर्नअराउंड डे, म्हणजे जुने पाहुणे उतरून नवे चढण्याचा दिवस. आदल्या रात्री पाहुणे आपापल्या बॅगा दाराबाहेर ठेवतात. त्या ओढत लिफ्टपर्यंत न्यायच्या, रात्री बारापर्यंत तरी हे चालतं. सकाळी हजारो माणसं उतरतात आणि दुपारपासून दुसरी हजारो चढायला लागतात. मधल्या काही तासांत आम्ही दोघांनी अठरा खोल्या नव्या करायच्या: सगळ्या चादरी, सगळे टॉवेल, सगळी बाथरूम, मागच्या पाहुण्याचा एक केसही राहता कामा नये. रात्री बारा ते सकाळी पावणेसात हे पावणेसात तास आणि दुपारी फार तर दोन. पावणेनऊ. फाइलमध्ये त्या प्रत्येक तारखेला बारा-साडेबारा तास विश्रांती आहे. जहाज पूर्वेकडे निघालेलं असलं की मध्यरात्री घड्याळ एक तास पुढे सरकतं आणि तो तासही झोपेतूनच जातो. तो कुठेच लिहिलेला नाही.

हे घडतं कसं, तर फार साधेपणाने. कामाला लागताना आणि संपवताना कार्ड लावायचं असतं. तास जास्त झाले की संगणकावर नाव लाल होतं. लाल झालं की सुपरवायझरला वरून विचारणा होते. म्हणून तो म्हणतो, “कार्ड लाव आणि परत वर ये.” एवढंच. नोंद काम संपल्याची, काम मात्र चालूच. आमचा सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. मला ताप होता त्या दिवशी त्याने माझ्या चार खोल्या स्वतः केल्या. त्याचाही वरिष्ठ होता आणि त्या वरिष्ठाच्याही पडद्यावर लाल-हिरवं होतंच. वर्गाला बसताना तर कार्ड लावायला कुणी सांगितलंही नाही. वर्ग म्हणजे काम, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

एक तुलना सहन करा. अमेरिकेच्या बंदरांत जाणाऱ्या जहाजांची तिथलं सरकार व्हेसल सॅनिटेशन प्रोग्रॅमखाली स्वच्छतेची तपासणी करतं. जहाजावर तिला सगळे ‘यूएसपीएच’ म्हणतात. निरीक्षक न सांगता येतात, शंभरपैकी गुण देतात, ८५ किंवा त्याखाली गेलं की नापास. गुण जाहीर होतात, कोणीही वाचू शकतं. या चार अक्षरांचा धाक असा की रात्री एक वाजता माणसं फ्रिजच्या रबराच्या खाचा दात घासायच्या ब्रशने साफ करतात. मी केल्यात. म्हणजे मनावर घेतलं तर जहाजावरची बारीकातली बारीक गोष्ट बाहेरून मोजता येते, कंपनी ती मुकाट मोजू देते आणि सुधारतेसुद्धा. जहाजावरच्या सुरीला गुण आहेत. ती धरणाऱ्याच्या झोपेला का नसावेत?

तपासणी होत नाही असं नाही. एका बंदरात निरीक्षक चढले होते. आमच्यापैकी काही जणांना बोलावलं, त्यात मी होतो. विचारलं, विश्रांती पुरेशी मिळते का? दाराबाहेर आमच्याच विभागाचा माणूस उभा होता. मी म्हणालो, “हो सर, मिळते.” न अडखळता. त्या वेळी माझ्या कराराचे तीन महिने उरले होते आणि पुढचा करार मिळायचा की नाही हे उतरताना मिळणाऱ्या शेऱ्यावर ठरतं. कागद हिरवा असताना जो झोप कमी पडते म्हणतो, त्याला जहाजावर एकच शब्द आहे. मामागायो. तो एकदा चिकटला की केबिनमधला सोबतीही जपून बोलायला लागतो.

झोपेचा प्रश्न फक्त आमच्या अंगदुखीचा असता तर मी मंत्र्याला पत्र लिहिलं नसतं. तो जिना आठवा. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीतल्या जिल्यो बेटापाशी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर घासली आणि ३२ जणांचा जीव गेला. त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची मस्टर ड्रिल तोवर झालीच नव्हती. नंतर नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ड्रिल घ्यावी लागते. प्रवाशांना वाट शिकवण्याची सोय झाली, चांगलं झालं. त्या वाटेवर रात्री तीन वाजता हात उंच करून उभा राहणारा माणूस मी आहे, कित्येक दिवस झोप अपुरी मिळालेला. एकदा ड्रिलमध्ये मी भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपलो होतो. एका म्हाताऱ्या पाहुणीने दंडाला हात लावून उठवलं आणि विचारलं, “बाळा, बोटी कुठल्या बाजूला?”

मी डाव्या बाजूला हात दाखवला. आमच्या बोटी उजव्या बाजूला होत्या.

महोदय, आपण म्हणाल, जहाज परदेशी कंपनीचं, मागच्या बाजूला बहामाच्या राजधानीचं, नसाऊचं नाव लिहिलेलं, झेंडा बहामाचा, मग आम्ही काय करणार? मलाही आधी तसंच वाटायचं. नसाऊ मी बघितलेलं नाही आणि माझ्या तासांचा कायदा तिथला. पण ज्या देशातून खलाशी जातात त्या देशावरही त्यांच्या भरतीची जबाबदारी हे कन्व्हेन्शन टाकतं. आणि आपल्या बंदरात परदेशी जहाज लागलं की त्यावर चढून कामाची आणि राहण्याची परिस्थिती तपासायचा अधिकार बंदराच्या देशाला देतं. तेव्हा दोन कामं आपल्या हातातली आहेत.

निरीक्षक चढले की आम्हाला काही विचारू नका. आम्ही ‘हो सर’च म्हणणार. त्याऐवजी दोन कागद मागा. एक विश्रांतीची नोंद आणि दुसरा प्रशिक्षणाचा हजेरीपट. हजेरीपटावर तारीख, वेळ आणि आमच्या सह्या असतात; कंपनी तो जपून ठेवते, कारण प्रशिक्षण दिल्याचा तोच पुरावा. दोन्ही शेजारी ठेवा. अडीच ते साडेतीन माझी सही वर्गात असेल आणि त्याच तासाला मी विश्रांती घेत असेन, तर साक्षीदाराची गरज काय? कुणाचं नावही उघड होत नाही. टर्नअराउंडच्या तारखांपासून सुरुवात केली तर अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि आम्हाला विचारायचंच असेल तर घरी विचारा. साइन-ऑफ होऊन आल्यावर, पुढचा करार हातात पडण्याआधी, आपल्या खात्यातल्या कुणीतरी फोन करावा. आमच्या भाषेत बोलावं, नाव लिहून घेऊ नये, फक्त जहाज आणि महिना विचारावा. एका माणसाचं बोलणं ऐकीव ठरेल. पण एकाच जहाजावरून आलेल्या चाळीस जणांनी दुपारच्या वर्गांबद्दल तेच सांगितलं, तर पुढच्या वेळी ते जहाज आपल्या बंदरात लागण्याआधी निरीक्षकाच्या हातात काहीतरी असेल. त्याच फोनवर एजंटने किती घेतले तेही विचारता येईल. त्या आकड्यांनी आपल्यालाही धक्का बसेल असा माझा अंदाज आहे.

तक्रार करायची वाट आजही आहे, हे मला ठाऊक आहे. जहाजावर चढताना मिळालेल्या गठ्ठ्यात तक्रारीच्या पद्धतीचा कागद होता. त्यावर झेंड्याच्या देशाचा संपर्क आणि खलाशाच्या देशातल्या खात्याचा संपर्क, दोन्ही द्यावे लागतात. होते. आमच्या देशाच्या रकान्यात टपालाचा पत्ता होता. समुद्राच्या मध्यावर, रात्री साडेबाराला, मी तो नीट वाचला आणि पिनकोड बरोबर असल्याची खात्री करून घेतली. आता २३ डिसेंबर २०२४ पासून जहाजावर शक्य तिथे माफक दरात इंटरनेट द्यावं अशी दुरुस्ती लागू झाली आहे. तेवढं तरी बघा, त्या रकान्यात एक ईमेल घाला. उत्तर देणारा ईमेल.

माझं पुढचं जॉइनिंग लेटर आलं आहे. हुद्दा तोच, करार पुन्हा आठ महिन्यांचा, जहाज दुसरं. फाइलची प्रत काढून ठेवली आहे आणि कोणत्या तारखांना वर्ग झाले त्याची यादी मी माझ्या डायरीतून उतरवून जोडली आहे. आपल्या खात्यातल्या कुणाला बघायची असेल तर सहा आठवड्यांच्या आत बोलवावं, मी घेऊन येईन. त्यानंतर मी पुन्हा त्या बोळात असेन आणि कुणी विचारलं तर विश्रांती पुरेशी मिळते असंच सांगेन.

आपला विश्वासू,
एक खलाशी
(असिस्टंट स्टेटरूम अटेंडंट. नाव लिहिलेलं नाही, कारण वर सांगितलंच आहे.)